शेवटून पहिला

अहो, त्यांनी टाळ्या बंद केल्या होत्या.

तुम्हाला आधी हेच सांगायला हवं, म्हणून सांगते. मागच्या शेडमधली व्यायामाची बॅच परत सुरू झाली. तुम्ही गेल्यावर काही दिवस कुलूप होतं. मग एका पहाटे शटर वर गेल्याचा खडखडाट ऐकू आला, मागोमाग ते तुमचं ढिंच्याक म्यूझिक, पण दबकत, आजारी माणसाच्या घरी रेडिओ लावतात तसं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी दुधाचं पातेलं घेऊन उभी. पुढचं सगळं मला पाठ होतं. म्यूझिक थांबायचं, म्हणजे सगळ्यांचा व्यायाम झाला आणि एकाचा राहिला. मग त्या एकासाठी टाळ्या. त्या दिवशी म्यूझिक थांबलं आणि पुढे काहीच नाही. चपलांचे आवाज, स्कूटर सुरू झाल्याचे आवाज, कोणीतरी खोकलं, संपलं. पातेलं माझ्या हातात तसंच. चहा कधी टाकायचा ते मला कळेचना.

कारण तो राहिलेला एक म्हणजे रोज तुम्हीच. टाळ्या सुरू झाल्या की मी आधण ठेवायची, टाळ्या थांबल्या की पत्ती टाकायची, आणि तुम्ही गल्लीला वळसा घालून घामाघूम दारात आलात की गाळायचा. 'शेवटून पहिला आलो!' अशी दारातूनच दवंडी. जसं काही बँकेने पदक दिलंय. मी म्हणायची, 'आधी ते ओले कपडे काढा, सोफ्यावर बसलात तर बघा.' आणि तुम्ही मुद्दाम सोफ्याच्या काठावर टेकल्यासारखं करायचात. साठी उलटलेला माणूस, पण लहर शाळकरी पोराची.

तुमची आणि त्या शेडची ओळख भांडणातून झाली, हे कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये टावर चौकाजवळ राहायचं म्हणजे आवाजाची सवय हवीच, पण मागचं टेंटवाल्याचं गोदाम त्या लोकेशने भाड्याने घेतलं आणि पहाटे पहाटे धाडधाड म्यूझिक सुरू झालं तेव्हा तुमचं डोकं फिरलं. तेव्हा तुम्ही नुकतेच रिटायर झाला होतात. देवास गेटच्या ब्रांचमधून हार-नारळ घेऊन आलात ते सोफ्यावर बसलात, बसलातच. मुक्ता लग्न होऊन पुण्याला. घरात मी आणि तुमचा पेपर. दिवसभरात तुम्ही 'मीठ दे' आणि 'लाइट गेले का' एवढंच बोलायचात. मला धाक वाटायचा तुमच्या त्या गप्प बसण्याचा, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तर असे तुम्ही एका पहाटे पायजम्यावरच तरातरा निघालात, 'आज त्या पोराला बघतोच' म्हणत. मी खिडकीतून कान देऊन होते. भांडणाचा आवाज येईना. बऱ्याच वेळाने परत आलात ते लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. मी म्हटलं, 'मारामारी झाली की काय?' तर म्हणे, 'नाही, त्याने मला म्हटलं, अंकल, आ ही गए हो तो दस मिनट करके देखो.'

भांडायला गेलात आणि भरती होऊन आलात. पुढचे चार दिवस जिना उतरताना कठडा धरून आई गं, आई गं. मी तेल लावून पाय चोळायची आणि पोटभर हसायची. तुम्हीसुद्धा हसायचात. किती दिवसांनी आपण दोघं एका गोष्टीला हसत होतो.

त्या बॅचचा मला राग यायचा, आता तर विचारूच नका, पण खोटं कशाला बोलू? तिने मला माझा माणूस परत दिला. तुम्हाला झोप लागायला लागली. साखर उतरली, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. आयुष्यात कधी पिशवी न उचललेला माणूस चक्कीवरून दोन्ही हातांत पिठाच्या थैल्या घेऊन ताठ मानेने चालत यायला लागला. वर मलाच सांगायचात, 'हा व्यायामाचा प्रकार आहे, वसू. खांदे मागे, पोट आत.' चक्कीवाला बघत राहायचा. भाजीबाजारात पोरं-पोरी 'दादा, दादा' करत यायची. तुम्ही मूळचे अकोल्याचे, बँकेच्या बदलीने इथे आलेले. इतकी वर्षं उज्जैनमध्ये काढून 'इथे आपलं कोण आहे' हे तुमचं पालुपद. आणि आमची, शिंद्यांच्या दरबारातल्या कारकुनांच्या घराण्यातल्या पोरीची मराठी तुम्हाला अर्धी हिंदी वाटायची. 'चाय नाही, चहा म्हण.' तेच तुम्ही त्या पोरांबरोबर 'क्या भिया, कल क्यों नी आया?' करायला लागलात. मला चिकनगुनिया झाला तेव्हा आठवडाभर घरात चूल पेटली नाही तरी डबे आले. एक दिवस एकाकडून, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून. सगळी तुमची बॅच. सरोजभाभी तर स्वतः येऊन मला खिचडी भरवून गेली.

सरोजभाभीची ओळख तुम्हीच करून दिलीत. नमकीनच्या दुकानवाल्यांची बायको, अंगाने भरपूर, स्वभावाने त्याहून भरपूर. घरात नवरा 'हथिनी' म्हणतो, तिला बॅचमध्ये 'शेरनी' म्हणतात, हे तिने हसत हसत सांगितलं आणि मग पदराने नाक पुसलं. तुम्ही शेवटचे आणि ती तुमच्या एक पाऊल पुढे, हे ठरलेलं. 'भाभी, आज मी पुढे जाणार,' असं तुम्ही रोज म्हणायचात आणि रोज मागे राहायचात. तिने मला नंतर सांगितलं, तुम्ही मुद्दाम राहायचात. तिला शेवटी राहायची लाज वाटते म्हणून.

हे मला तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. मी आपली समजत होते, म्हाताऱ्याला जमत नाही.

पण बाकीचं काय? ते मी विसरलेले नाही हं. तुम्ही गेलात म्हणून सगळं गोड गोड म्हणणारी मी नव्हे. रविवारी टावर चौकातून पोहे-जलेबी आणायची आपली किती वर्षांची पद्धत. ती बंद. बंद तर बंद, पण मी माझ्यापुरती आणली की समोर बसून त्या जलेबीत साखर किती आणि तेल किती याचं कीर्तन! मोड आलेले मूग चावत माझ्याकडे असं बघायचात की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्यांच्या शेडच्या दारावर ती पाटी, 'बहाने चप्पल के साथ बाहर उतारें.' वाचून मी पहिल्यांदा हसले होते. मग हळूहळू त्या बहान्यांत काय काय जायला लागलं! ताप म्हणजे बहाना, गुडघा सुजला म्हणजे बहाना, माझ्या भाच्याचं लग्न म्हणजे बहाना. मुक्ताचं बाळंतपण! नातीला पाहायला पुण्याला गेलो आणि ठरल्यापेक्षा आधी परत आलात, कारण बॅचमध्ये कसलंसं चॅलेंज चालू होतं आणि खाडा झाला असता. नातीच्या बारशाचे फोटो तुम्ही फोनवर पाहिलेत. मुक्ता मला म्हणाली, 'आई, बाबांना आम्ही कमी पडतो का गं?' मी तिला काय सांगू? मी म्हटलं, तुझे बाबा खुळे आहेत.

त्या फोनवरच्या ग्रुपचं तर नावच काढू नका. पहाटेच जो आला नाही त्याच्या नावापुढे रडकं तोंड. एकदा तुमच्या नावापुढे आलं होतं, मावसभावाच्या मातीला गेला होतात त्या दिवशी. तुम्ही ते हसण्यावारी नेलंत, पण पुढे कधी खाडा केला नाहीत.

आणि तो नियम. मला आता पहाटे जाग येते ती त्या नियमानेच.

शेवटचा जो असेल त्याच्याभोवती सगळ्यांनी कडं करायचं. पाणी प्यायचं नाही, बसायचं नाही, निघायचं नाही. टाळ्या वाजवायच्या. त्याचं झालं की तो जमिनीवर कोसळायचा, तरी टाळ्या चालूच. तो स्वतः उठेपर्यंत टाळ्या थांबवायच्या नाहीत, आणि कोणी हात द्यायचा नाही. 'हाथ नहीं देना, खुद उठेगा.' लोकेशचं ब्रीद. तुम्हाला ते फार आवडायचं. मला समजावून सांगायचात, 'हात दिला की माणूस लहान होतो, वसू. टाळ्या ऐकून उठला की मोठा होतो.' मी म्हणायची, 'पडलेल्याला हात देऊ नये हे कुठल्या गुरुकुलात शिकवतात?' आपलं ते भांडण कधी मिटलंच नाही.

त्यात तुम्ही पक्के नाटकी. अकोल्याला कॉलेजच्या नाटकात मेलेल्याचं काम केलं होतं ते तुम्ही जन्मभर पुरवून वापरलंत. सिलिंडर आत आणा म्हटलं की सोफ्यावर जीभ बाहेर काढून मेलात. पाहुणे आले की गच्चीतून खुर्च्या आणा म्हटलं की मेलात. मुक्ता लहान असताना तुमच्या छातीवर बसून गुदगुल्या करायची तेव्हा कुठे एक डोळा उघडायचा. तिथेही तेच. रबरी मॅटने अंगाला पुरळ येतं म्हणून वर आपली भैरवगढची छापाची चादर, लाल-काळ्या बुट्ट्यांची, जुनी, मऊ झालेली. त्या चादरीवर शेवटी आडवे व्हायचात, हातपाय टाकून, डोळे मिटून. टाळ्या वाढायच्या, पोरं 'दादा! दादा!' ओरडायची, आणि अगदी शेवटी एक डोळा उघडून मिचकावायचात. मग हशा. हे सगळं मला खिडकीतून फक्त ऐकू यायचं. हशा आला की पत्ती.

आदल्या संध्याकाळी तुम्ही खांदा चोळत होतात. डावा. मी म्हटलं, उद्या राहू द्या. तुम्ही म्हणालात, 'काही नाही, काल वजन जास्त उचललं.' मी म्हटलं, 'शेवटचंच यायचंय ना? एक दिवस घरीच शेवटचे या.' तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी पुन्हा पुन्हा काढून बघते. रागाने नाही बोललात, गवार मोडता मोडता बोललात. 'बँकेत एवढी वर्षं कधी उशिरा गेलो नाही, कधी हिशेब चुकला नाही. कोणी हात हलवला नाही. तिथे शेवटचा येतो तर सगळे टाळ्या वाजवतात. घरी कोण वाजवतं?'

मी म्हटलं, 'घरी टाळ्या हव्यात? मी सकाळपासून या ओट्याशी उभी आहे, मला वाजवा आधी.'

तुम्ही हसलात. खरंच हातातली गवार ठेवून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्यात, चांगल्या पाच-सहा. मी म्हटलं, 'पुरे, चाळे नकोत.' आणि भाजी फोडणीला टाकली. माझ्या टाळ्या राहिल्याच. माझं म्हणणं चूक नव्हतं, आजही मी तेच म्हणेन. पण राहिल्या.

सकाळी तुम्ही गेलात तेव्हा मी अंथरुणातच होते. कडी काढल्याचा आवाज ऐकला फक्त. मग उठले, खिडकी उघडली. श्रावण चालू होता, महाकाळाच्या दर्शनाला निघालेले लोक गल्लीतून 'जय महाकाल' करत जात होते. म्यूझिक थांबलं. टाळ्या सुरू झाल्या. आधण ठेवलं. टाळ्या वाढल्या, 'दादा! दादा!' सुरू झालं. मी कप काढले. हशा येईना. आधणाला उकळी आली, टाळ्या चालूच. मी म्हटलं, आज फारच लाड चाललेत. गॅस बारीक केला. टाळ्या चालूच. आणि मग मी खिडकीशी जाऊन मोठ्याने म्हणाले, 'उठा आता! पुरे झालं नाटक!'

तुमच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य हे. तुम्ही ते ऐकलंत का, अहो? ऐकू आलं का तिथे?

टाळ्या एकदम नाही थांबल्या. एक हात थांबला, मग दुसरा. पातळ होत गेल्या. शेवटी एकाच कोणाच्या तरी टाळ्या उरल्या, मग त्याही नाहीत. मग लोकेशचा आवाज, 'दादा?' नेहमीचा ओरडणारा नाही, लहान मुलाने अंधाऱ्या खोलीत हाक मारावी तसा. मी चपला न घालताच धावले.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासून दुखावलेलं असणार, झोपेतही झालं असतं, जेवताना झालं असतं. मुक्ताने विचारलं, 'लगेच लक्षात आलं असतं तर?' ते म्हणाले, सांगता येत नाही. अहो, ते 'सांगता येत नाही' माझ्याबरोबर घरभर फिरतं. मी केर काढते तर मागे, देवाला फूल वाहते तर मागे. टाळ्या वाजत होत्या तेव्हा तुम्ही होतात की गेला होतात? तुम्हाला त्या ऐकू येत होत्या का? उठायचं होतं आणि उठता येत नव्हतं, असं होतं का? आणि भोवती ती सगळी माया करणारी माणसं हसत, ओरडत, हात मात्र न देता.

यंदा आपल्याकडे गणपती नव्हता. शेजारी पाटणकरांकडे होता. संध्याकाळी भिंतीपलीकडून आरती सुरू झाली, झांजा, आणि मग टाळ्यांचा तो ठेका. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. रोज, विसर्जन होईपर्यंत. देवाच्या आरतीची भीती वाटावी, एवढं कसं काय करून ठेवलंत तुम्ही?

सरोजभाभी आली ती त्यानंतर. दारातच उभी राहिली, आत येईना. मी ओढून आत घेतली. बसल्या बसल्या म्हणाली, 'भाभी, हम ताली बजाते रहे. मैं सबसे पास थी. मैंने सोचा दादा आज मस्ती में हैं.' आणि जी रडली! मला तिच्यावर चिडायचं होतं, किती दिवस वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही आठवेना. कारण ती जागा माझी असती तर मीही वाजवतच राहिले असते ना. मीही खिडकीतून 'उठा' म्हणालेच की.

ती म्हणाली, बॅच सुरू झालीय पण ती जात नाही. साखर वाढलीय. नवरा म्हणतो, बरं झालं, सुटलो. 'दादा आखिरी थे, मैं उनके आगे. अब जाऊँगी तो आखिरी मैं हूँ. गिरूँगी तो सब मुझे देखेंगे और सोचेंगे, ये भी गई.' पोह्यांची बशी तिने हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. दिवसातला तो एक तास तिचा होता आणि तो तुम्ही बरोबर घेऊन गेलात. तुमच्या लक्षात तरी आलं का हे?

मग परवा लोकेश. हा पहाडासारखा मुलगा, दंड माझ्या मांडीएवढे, आणि खुर्चीच्या टोकावर पाहुण्या पोरीसारखा बसला. हातात तुमची चादर. धुऊन, इस्त्री करून आणलेली. मी हातात घेतली, नाकाशी नेली, साबण. फक्त साबण. माझं टाळकंच फिरलं. 'किसने कहा था धोने को?' मी ओरडले. तो घाबरून उभाच राहिला. मग जे जे साचलं होतं ते सगळं त्याच्या अंगावर ओतलं. हात का नाही दिला, दारावर पाट्या कसल्या लावता, तापाला बहाना म्हणता, माणसं आहेत की बैल आहेत. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, 'आंटीजी, दादा रोज ऐसे ही लेटते थे. रोज आँख मारके उठते थे. मैं उसी आँख की राह देख रहा था.'

मी खाली बसले. ती वाट मीही जन्मभर पाहिलीय.

मग त्याने येण्याचं कारण काढलं. त्यांच्यात म्हणे पद्धत आहे, बॅचमधलं कोणी गेलं की त्याच्या नावाचा एक व्यायाम ठरवतात आणि सगळे मिळून करतात. तुमच्या नावाचा करायचा होता, तुमच्या वाढदिवसाला. पितृपक्षातच येतोय तो यंदा. मी म्हटलं, 'बेटा, हमारे यहाँ पितरों को पिंड देते हैं, उठक-बैठक नहीं देते.' तो कसनुसा हसला. म्हणाला, आपने ना कहा तो नहीं करेंगे. शेड बी बंद कर दूँगा, मन नहीं लगता. तो जिना उतरला, मी वरून पाहत राहिले. हा मुलगा शेड बंद करेल. सरोज घरात बसेल, नवऱ्याच्या शिव्या खात. बाकीचे पांगतील. आणि मी खिडकीशी उभी राहीन. मग बदला पुरा झाला म्हणायचं का? कोणाचा?

मी जिन्यातूनच हाक मारली. म्हटलं, करा. पण ती पाटी काढ. आणि तो नियम मोड. जो पडेल त्याच्याजवळ एकाने बसायचं, हात हातात घ्यायचा, नाव विचारायचं. उत्तर आलं तरच टाळ्या. आणि सरोजभाभीला आणायचं काम माझं.

आज तो दिवस होता, अहो. म्हणून तर लिहायला बसले.

पहाटे सरोजला घेऊन मी शेडच्या दाराशी गेले. पाटीच्या जागी चार खिळ्यांची भोकं. भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने फक्त 'दादा' लिहिलेलं. व्यायाम काय, तर दोन्ही हातांत पिठाच्या थैल्या घेऊन चालायचं, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खांदे मागे, पोट आत. थैल्या आपल्याच चक्कीवरच्या. मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम. तुमची चादर मी कोपऱ्यात तुमच्या जागेवर अंथरली. सगळे तिला वळसा घालून जात होते.

सगळ्यांचं झालं. सरोजचं राहिलं. ती एकटी चालतेय, थैल्या पायांना आपटताहेत, तोंड लाल. सगळे कडं करून उभे, हात बाजूला. तिने थैल्या टाकल्या, दोन पावलं गेली आणि त्या चादरीवरच आडवी झाली. हातपाय टाकून, डोळे मिटून.

जवळ बसायचं काम लोकेशचं ठरलं होतं. तो जागचा हलेना. तोंड पांढरंफटक. कोणीच हलेना. सगळ्यांना तेच दिसत होतं जे मला दिसत होतं. मग मीच गेले. गुडघे कडाकडा वाजले माझे. तिचा हात हातात घेतला, घामाने चिंब. म्हटलं, 'भाभी, नाम बताओ अपना.'

उत्तर नाही. अहो, तेवढ्या वेळात मी पुन्हा त्या सकाळी जाऊन आले.

मग ती डोळे न उघडताच म्हणाली, 'सरोज. और कौन होगी, इतनी मोटी?'

'ठीक हो?'

'ठीक हूँ. उठने का मन नहीं है.'

'तो लेटी रहो,' मी म्हटलं. आणि मान वर केली. सगळे माझ्याकडे पाहत होते. कोणाचे हात वर येईनात. माझी परवानगी हवी होती त्यांना. मी सरोजचा हात खाली ठेवला आणि टाळी वाजवली. एकटीची टाळी त्या पत्र्याच्या शेडमध्ये केवढी मोठी वाजते! मग दुसरी. मग लोकेश, मग सगळे, मग तो जुना धबधब्यासारखा आवाज, जो मी रोज खिडकीतून ऐकायची, पण कधी त्याच्या आत उभी राहिले नव्हते. 'शेरनी! शेरनी!' कोणीतरी ओरडलं. सरोज कोपरावर रेटा देत उठून बसली, मग उभी राहिली, हसत, रडत. एकेकाचे हात थांबत गेले. तेवढा नियम तसाच आहे ना, पडलेला उठेपर्यंत वाजवायचं.

सगळे थांबले. मी थांबले नाही.